मोतीबंदर वयात कधी येणार?

शहजाद्याला सोळावं लागलं, तेव्हा बादशहाने भर दरबारात स्वतःच्या हाताने त्याच्या कमरेला तलवार बांधली. "आजपासून हा आपले निर्णय आपण घेईल," असं जाहीरही केलं. बादशहा खुशीत आहे असं बघून मोतीबंदरच्या व्यापाऱ्यांनी अर्ज पुढे केला : आमच्या शहराचा कोतवाल आम्हालाच निवडू द्यावा.

बादशहाच्या कपाळाला आठी पडली. "रयत म्हणजे माझी लेकरं. घरातलं बाप ठरवतो की लेकरं? काय हकीमसाहेब, राज्य कसं करावं यावर तुम्ही ग्रंथ लिहिलेत ना? सांगा यांना!"

हकीम कमरुद्दीन स्वतः मोतीबंदरचे. बाप म्हणावं, तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. लेकरं म्हणावं, तर मान जागेवर राहायची खात्री नाही. त्यांनी शांतपणे दाढीवरून हात फिरवला.

"बापच ठरवतो, हुजूर."

बादशहा सुखावला.

"फक्त एक शंका आहे. मोतीबंदर आपल्या आजोबांनी जिंकलं. शहजादे सोळाव्या वर्षी शहाणे झाले, आणि हे लेकरू तीन पिढ्या झाल्या तरी पाळण्यातच! असं मूल कुणी माझ्या दवाखान्यात आणलं, तर मी त्याची नाडी बघत नाही. त्याला वाढवणाऱ्याची बघतो."

एवढं बोलून हकीमसाहेबांनी नाडी बघायला अदबीने हात पुढे केला.

बादशहा त्या हाताकडे बघत राहिला. मग आपला हात हळूच शालीत घेत म्हणाला, "तो अर्ज आणा इकडे."