रुमालीचा कडा

फार वर्षांपूर्वी, सातपुड्यातले वाघ कुणी मोजत नसे, लोक नुसते टाळत असत, त्या काळातली ही गोष्ट. उत्तरेच्या डोंगरात उमरापाणी नावाचा पाडा होता. तिथे दामज्या आपल्या बारा वर्षांच्या लेकीसोबत, रुमालीसोबत राहायचा. पाड्याची रीत अशी, की रानात पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. दोन हाका भूतही मारतं, तिसरी फक्त माणूस मारतो.

ऐन थंडीत बापलेक डिंक गोळा करायला गेले आणि धुक्यात रुमाली हरवली. दामज्याचा जीव कासावीस झाला. तो हाका मारत डोंगर पालथे घालू लागला. खोल दरीत रुमालीला त्याचा आवाज आला. एक हाक आली, दुसरी आली. पण भूत बापाच्या आवाजातही बोलतं, हे तिला बापानेच शिकवलं होतं. ती तिसरीसाठी थांबली. दामज्या मात्र घाईत पुढच्या डोंगरावर निघून गेला होता.

पोर खूप रडली. मग भूक लागली तेव्हा उठली. बोरं होती, आवळे होते, कंद उकरायला काठी होती. निजायला गुहा सापडली, तर तिथे आधीच एक अस्वलीण. तिने रुमालीकडे पाहिलं आणि कूस बदलून जागा करून दिली, असं म्हणतात. झरा तिच्यासाठी कोमट वाहायचा, असंही म्हणतात. खरं-खोटं डोंगराला ठाऊक. घर कुठल्या अंगाला हे काही तिला उमगेना, पण रानात ती रमली. फक्त रोज सकाळी कड्यावर बसून कान देऊन ऐकायची.

मोह फुलला तशी अस्वलीण वासावर खाली निघाली आणि रुमाली तिच्या मागोमाग. मोहाखाली दामज्या एकटाच फुलं वेचत होता. अस्वल पाहताच तो झाडावर चढला.

"बा, उतर. ती काही करत नाही."

दामज्या कसाबसा उतरला. लेकीचे हात, तोंड, केस चाचपत राहिला.

"किती हाका मारल्या गं तुला."

"दोनच मारल्यास, बा."

दामज्या लहान पोरासारखा रडला. रुमाली त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आजही मोह वेचायला निघताना उमरापाण्याची माणसं रुमालीच्या कड्याकडे तोंड करून तीन हाका मारतात. ज्यांच्या घरी लेकरं आहेत, ते बाप चौथीही मारतात. घाईत एखादी राहून गेली असेल, म्हणून.