उदमांजरीचे बाळंतपण

एक होता राजा. त्याची लाडकी लेक हेमलेखा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. राजाने तिच्यासाठी राजवाड्यातली पूर्वेकडची खोली सजवली. यथाकाल हेमलेखेला कन्या झाली. राजाने हत्तीवरून साखर वाटली.

त्याच दिवशी छतावर धपधप सुरू झाली, बरं का. शिवाय शिजत्या आंबेमोहोर भाताचा सुवास दरवळू लागला, आणि मुदपाकखान्यात तर चूलही पेटलेली नव्हती. सेवकाने माळ्यावर डोकावून पाहिले. तिथे एक उदमांजरी तीन पिलांना कुशीत घेऊन पहुडली होती. तो सुवास तिच्याच अंगाचा.

राजा म्हणाला, नातीच्या डोक्यावर हे बिऱ्हाड नको.

मग सेवकाने माळ्यावर धुरी केली. पण निखारे घेतले ते बाळंतिणीच्या शेगडीतले, ओवा आणि बाळंतशेपा टाकलेले. ती धुरी उदमांजरीला इतकी मानवली, की ती पिलांसह गाढ झोपी गेली.

मग राजाने नगारे वाजवले. उदमांजरी जागची हलली नाही. पाळण्यातली तान्ही मात्र दचकून उठली, आणि तिला निजवता निजवता राजाच दमला.

मग तिसरा उपाय. सायंकाळी उदमांजरी फळे शोधायला बाहेर पडली, तोच राजाने कौलांखालचे भोक फळी ठोकून बंद केले. पिलेही तिच्यामागे गेली असतील, असे त्याने गृहीत धरले.

पिले आतच होती. उदमांजरी बाहेरून फळी ओरबाडू लागली, पिले आतून चिरकू लागली, आणि खाली तान्हीने दूध घेणे सोडले. वैद्य आले, सुईण आली, दृष्ट काढून झाली. तान्ही मान फिरवी आणि छताकडे पाही. हेमलेखेचा जीव कासावीस झाला. मग तिने वरचा आवाज कान देऊन ऐकला, आणि तिला सारे उमगले.

“बाबा, ती आई बाहेर आहे आणि तिची लेकरे आत. ती पाजत नाही, तोवर माझी लेक पिणार नाही. फळी काढा.”

“मग ती जायची कधी?”

“सव्वा महिन्याने. त्याआधी मला तरी सासरी धाडाल का?”

राजा खजील झाला. स्वतः शिडीवर चढून त्याने फळी उपसली. उदमांजरी सुळकन आत शिरली. वर शांतता झाली, आणि खाली तान्ही चुटूचुटू पिऊ लागली.

सव्वा महिना सरत आला, तेव्हा राजाने परसातल्या फणसावर पेंढा घातलेली लाकडी पेटी बसवली. मग हेमलेखेने आपली ओटी भरून घेतली, आणि माळ्याच्या तोंडाशी नारळ व पिकली केळी ठेवली. म्हणाली, “बाई, बाळंतपण झाले. आता आपल्या घरी सुखाने नांद.”

आणि काय आश्चर्य, उदमांजरी माणसासारखी बोलली. “ओटी पावली हो. नारळ मात्र फोडून दिला असता, तर बरे झाले असते.”

मग मानगुटीला धरून तिने एकेक पिलू फणसावर नेले. राजाने दिवा घेऊन माळ्याचा कोपरा न् कोपरा पाहिला, आणि मगच भोक बुजवले. तिन्हीसांजेच्या आत हेमलेखेची पालखीही निघाली. राजा दारात उभा राहून डोळे पुसत म्हणाला, “एकाच दिवशी दोन लेकी सासरी गेल्या.”

हेमलेखा सासरी सुखाने नांदली, उदमांजरी फणसावर सुखाने नांदली. आता तुम्हीही पांघरुणात शिरा, आणि मिटा पाहू डोळे.