उलट्या वाटेची धवळी

त्या प्रांतात नियम एकच होता: हलक्याने जडाभोवती फिरायचे. नियम कुणी घातला ते कुणाला आठवत नव्हते, आणि तो मोडावा असे कुणाच्या मनातही येत नसे. प्रांताच्या मधोमध थोरला नावाचा निळा, अवाढव्य ग्रह होता. अंगावर सदा ढगांची जाड घोंगडी, त्यामुळे त्याला बाहेरचे फारसे दिसत नसे, आणि तो बोलतही नसे. त्याच्याभोवती त्याचे चंद्र फिरत; सगळे एकाच दिशेने, आपापल्या वाटेने, एकमेकांना धक्का न लावता.

एकटी धवळी तेवढी उलटी फिरे.

धवळी त्या घरची नव्हती. तिचा जन्म फार लांबचा, उजेड जिथे जेमतेम पोचतो तिथला. तिथे तिला एक जोडीण होती, सावळी. दोघी सारख्याच वजनाच्या, त्यामुळे कुणी कुणाभोवती फिरायचे हा प्रश्नच त्यांच्यात नव्हता. पाय जुळवून, हात गुंफून, माना मागे टाकून मुली फुगडी घालतात तशा त्या एकमेकींभोवती फिरत, आणि फिरता फिरता अंधारातून पुढे सरकत. कुठे जायचे आहे असे काही नव्हते.

अशाच सरकत त्या एकदा थोरल्याच्या शिवेशी आल्या. ओढ आधी धवळीला लागली, कारण नेमकी त्या वेळी ती आतल्या बाजूला होती. जरा उशीर झाला असता तर सावळी आत असती.

"घट्ट धर," सावळी म्हणाली.

धवळीने घट्ट धरले. पण फुगडीत एकीचा तोल गेला की धरलेले हातच दोघींना आपटतात. ढग वर येऊ लागले, दोघी मिळून त्यांत कोसळणार हे स्पष्ट झाले, आणि हात सुटले. दोघींचा वेग एकटीच्या अंगात घेऊन सावळी अंधारात भिरकावली गेली. धवळी वेग हरवून मागे, थोरल्याच्या ओढीत राहिली. हात कुणी सोडला, हे तिने त्या घरात कधी कुणाला सांगितले नाही.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. तिची वाट लांबुळकी आणि तिरपी होती. तिच्या येण्याजाण्याने कितीतरी लहान चंद्र वाटेवरून उडाले, काही एकमेकांवर आदळून फुटले. उरलेल्यांत सर्वांत वडील होती ती आक्का. तिचा जन्म थोरल्याच्याच धुळीतला.

"आमच्याकडे अशी रीत नाही," पहिल्यांदा समोरासमोर आल्यावर आक्का म्हणाली.

"मला वळता येत नाही, आक्का."

"शिकशील."

धवळी वळायला शिकली नाही, पण बाकीचे सगळे शिकली. थोरल्याची ओढ तिला जवळ आली की ताणी आणि लांब गेली की सैल सोडी. त्या ताणण्याने तिच्या पोटातले बर्फ वितळले, आत ऊब आली, आणि हळूहळू तिची वाट गोल झाली. तोंड थोरल्याकडे वळले ते कायमचे. पाठ बाहेरच्या अंधाराकडे राहिली. बोलणेही त्या घरचे झाले. आक्का आता तिला येता-जाता विचारी, "बरी आहेस ना?" आणि धवळी म्हणे, "बरी आहे." ते खोटे नव्हते. एवढेच, की कधी कधी चालता चालता तिचा एक खांदा आपोआप झुके, शेजारून कुणीतरी ओढावे तसा. मग ती सावरून घेई.

एकदा त्या प्रांतात पाहुणा आला. लांबून आलेला, काळपट, खडबडीत धूमकेतू होता तो. उजेडाकडे निघाला होता आणि अजून त्याला शेपूट फुटले नव्हते. त्याच्या अंगाचा वास धवळीला पाठीवर जाणवला. तो तिकडच्या थंडीचा वास होता.

तिने त्याला जुन्या बोलीत हाक मारायचे ठरवले, आणि हाक मारताना तिला शब्दच सापडेना. शेवटी तिने घरच्या बोलीत विचारले, "पाहुणे, तिकडं सावळी म्हणून कुणी भेटली का?"

"भेटली की. एकटीच फिरते. मी जरा सोबत करावी म्हणून जवळ गेलो, तर म्हणाली, या अंगाला येऊ नका, दुसऱ्या अंगाला चाला."

"का?"

"ते नाही सांगितलं. पण तुम्ही धवळी असाल तर तिचा निरोप आहे. हात तिनं सोडला होता, म्हणाली. तुम्ही मनाला लावून घेऊ नये."

"हात मी सोडला होता," धवळी म्हणाली.

"तुम्ही असंच म्हणाल, हेही ती म्हणाली होती."

पाहुणा जायला निघाला, तेव्हा ढगांच्या खालून आवाज आला. चंद्र आपापल्या जागी दचकले. आक्कानेही तो आवाज पूर्वी ऐकलेला नव्हता.

"मी तुला धरलं नव्हतं," थोरला म्हणाला. "मी नुसता जड आहे."

"ठाऊक आहे मला," धवळी म्हणाली. इतकी वर्षे त्याच्याकडे तोंड करून राहिल्यावर तिला ते खरेच ठाऊक होते.

मग थोरल्याने पाहुण्याला विचारले, "तू उजेडाकडं चाललास ना?"

"हो."

"माझा जन्म तिकडचा. तिथं ऊब होती. माझ्याहून मोठ्या भावंडांची ओढाताण झाली, तीत मी इकडं लोटला गेलो. माझ्या जागी आता कोण राहतं, तेवढं बघशील?"

"बघीन," पाहुणा म्हणाला. "पण उबेत गेलेले आमच्यातले सगळेच काही परत येत नाहीत."

"तरी बघ."

पाहुणा गेला. पुढे लांबवर त्याला पांढरे शेपूट फुटले, आणि तो ज्या दिशेने जात होता तिथे एक पिवळा ठिपका होता, राईच्या दाण्याएवढा. थोरल्याच्या कडेला आले की त्याच्या खांद्यापलीकडचा तो ठिपका धवळीला दिसे. त्याकडे तिने पूर्वी कधी लक्ष दिले नव्हते. आता बघत राहिली तेव्हा तिला दिसले, की मागचे तारे फार सावकाश सरकत आहेत. थोरला चालत होता. आक्काला, सगळ्या चंद्रांना, तिलाही अंगाखांद्यावर घेऊन तो मुकाट्याने त्या दाण्याभोवती वळत होता.

"अजून दिसतो का ग पाहुणा?" ढगांच्या खालून थोरल्याने विचारले.

"दिसतो."

पुढच्या फेरीला ती कडेला आली, तेव्हा त्याने पुन्हा विचारले. त्याच्या पुढच्या फेरीलाही. शेपूट बारीक झाले, मग धाग्यासारखे झाले, मग उजेडात मिसळून दिसेनासे झाले. धवळी आपल्या उलट्या वाटेने कडेला येई, त्या रिकाम्या उजेडाकडे बघे, आणि थोरल्याने विचारायच्या आधीच म्हणे, "दिसतो."