निळी मोटार आणि मातीची वडी

वस्तू बोलत असत आणि माणसं ते ऐकत असत, तेव्हाची गोष्ट. कुमुदताईंच्या अंगणात एक निळी मोटार होती. कुणीतरी विटेच्या तुकड्याने तिच्या दारावर रेघोट्या ओढल्या होत्या, तेव्हापासून तिचा कुणावरच विश्वास उरला नव्हता.

एका सकाळी ताईंनी तिला धुतलं आणि डबीतून मोटारीचा रंग साफ करायची मऊ मातीची वडी काढली. मोटार लगेच फणकारली.

"तू माती, आणि मला स्वच्छ करणार?"

"साबणाच्या पाण्यावरून मी नुसती सरकते," वडी म्हणाली. "धुऊनही न निघालेली, रंगात रुतलेली कचकच मी माझ्या अंगात ओढून घेते."

"गोड बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत!"

वडी कामाला लागली. दार काचेसारखं गुळगुळीत झालं, तरी मोटार कान टवकारूनच होती. आता ओरखडा उठेल, मग उठेल, असंच तिला वाटत होतं.

तेवढ्यात वडी ताईंच्या हातातून निसटून वाळूत पडली. ताईंनी ती उचलली, पाण्यात बुचकळली आणि मोटारीला टेकवणार, तोच वडी ओरडली, "ताई, थांबा! माझ्यात खडे शिरलेत. आता मी हिला लागले, तर हिचा रंग खरवडून निघेल. मला टाकून द्या."

ताईंनी तिला कचऱ्यात टाकलं आणि नवी वडी आणली.

"करू का सुरुवात?" नव्या वडीने विचारलं.

मोटारीने कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं.

"तुझ्यात खडा नाही ना?" ती म्हणाली. "तू सांगशील, ते मी खरं मानीन."