घोडेस्वाराचं नाक

दवंडी आली तेव्हा बयजा राजवाड्याच्या देवघरात बसून चिंचेच्या कोळाने समया घासत होती. रोजचंच काम, रोजचीच वेळ. खिडकीखाली हलगी वाजली आणि दवंडीवाला ओरडला, "ऐका हो ऐका! घोड्यावर बसलेल्या, तलवार उगारलेल्या रणनाथाचं रूप आजपासून मठाच्या मालकीचं! मठाच्या मोहरेवाचून ते कोणी घडवायचं नाही, घरात ठेवायचं नाही. बिनमोहरेचे टाक जप्त होऊन वितळवले जातील हो!"

बयजाचा हात थांबला.

निंबगडात घरोघरी देव्हाऱ्यात टाक असत. चांदीचा पातळ पत्रा आणि त्यावर ठोकून काढलेला घोडेस्वार. काही टाक रणनाथाचे, काही लढाईत पडलेल्या घरच्या माणसांचे. घोडा तोच, तलवार तीच, फार तर चेहरा जरा निराळा. देव कोणता आणि माणूस कोणता हे घरच्यांना ठाऊक असे, आणि बाहेरच्या कोणाला त्याची चौकशी करण्याचं कारण नव्हतं.

केवलगिरी महंतांना मात्र त्यात देवाची विटंबना दिसली. मठाच्या कारागिराकडून टाक घेतला, मोहर मारून घेतली आणि दक्षिणा ठेवली की विटंबना थांबत होती. रायभान राजाला हे लगेच पटलं, कारण बोलायला सुरुवात करताना महंतांनी त्याला रणनाथाचा अवतार म्हटलं होतं.

बयजा घरी पोचली तर मठाचे दोन शिष्य पोतं घेऊन देव्हाऱ्यापाशी उभे.

"हे रूप मठाचं आहे, बाई."

"ते रूप नाही. माझा नवरा आहे."

"घोडा आहे, तलवार आहे. म्हणजे रणनाथच."

"घोड्यावर बसला, तलवार उपसली, म्हणून तर मेला. रणनाथ असता तर परत आला असता."

शिष्यांनी टाक पोत्यात टाकला. बयजा तशीच राजाकडे गेली.

रायभान राजाचं नाक दरबारात त्याच्या आधी पोचतं, असं लोक म्हणत. अर्थात हळू आवाजात. ते नाक वर करून राजा म्हणाला, "सनदेवर माझा शिक्का पडलाय. दिलेला शिक्का मागे घेणारा राजा तू कुठे पाहिलास?"

"टाक माझ्या नवऱ्याचा आहे, महाराज. तुमच्याच लढाईत पडला तो."

राजाने जरा चुळबुळ केली, पण हट्ट सोडला नाही. "बरं. उद्या सकाळी दरबारासमोर भट्टी पेटेल. त्याआधी महंतांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं, की हा आमचा देव नव्हे, तर टाक घेऊन जा."

महंत शेजारीच बसले होते. "माझ्या तोंडून?" ते हसले. "त्यापेक्षा टाकावरच्या घोड्याला चारा घाल, बाई. तो लवकर तोंड उघडेल."

संध्याकाळी राजाची आई, थोरल्या राणीसाहेब, दिवा लावायला देवघरात आल्या. बयजाने त्यांना सगळं सांगितलं आणि देव्हाऱ्यातल्या एका टाकाकडे बोट केलं. राणीसाहेबांनी त्या टाकावरचं फूल बाजूला केलं. मग त्यांनी तो टाक उचलून बयजाच्या ओंजळीत ठेवला.

"ने. पण घासू नकोस. घासून घासून ते झिजत चाललेत."

सकाळी भट्टी पेटली. दरबारात पोतं रिकामं झालं, परात टाकांनी भरली. बयजाने ती महंतांसमोर सरकवली.

"स्वामी, यात देव कोणते आणि माणसं कोणती, तेवढं निवडून द्या."

"निवडायचं काय? सगळे रणनाथ. सगळे मठाचे."

"एकदा नीट पाहता का?"

"देव ओळखायला मला भांडी घासणारी लागत नाही."

"तसं नाही, जी. हा एक पाहा." बयजाने पदराखालचा टाक पुढे केला. "हाही मठाचाच?"

महंतांनी तो दोन बोटांत धरला. "मठाचाच. आणि भट्टीत पहिला हाच टाका. कोण अडाण्याने घडवलाय? हे काय देवाचं नाक आहे? घोड्याच्या तोंडाशी स्पर्धा लावलीय नुसती!"

दरबारात कोणी हसलं नाही. सगळ्यांनी टाकाकडे पाहिलं, मग राजाकडे, आणि मग घाईघाईने जमिनीकडे.

पडद्यामागून थोरल्या राणीसाहेबांचा आवाज आला, "ते नाक माझ्या नवऱ्याचं आहे."

महंतांनी टाक पटकन कपाळाला लावला. "हा... हा आमचा देव नव्हे."

"का नव्हे, स्वामी?" बयजाने विचारलं. "घोडा तोच, तलवार तीच."

"हे थोरले महाराज आहेत."

"आत्ता कळलं. आत्तापर्यंत रणनाथ होते." तिने परातीतला एक टाक उचलला. "आणि हा?"

महंतांनी टाकाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. राजघराण्यातली किती माणसं लढाईत पडली होती, हे त्यांना आठवेना. "हाही नव्हे," ते म्हणाले.

"झालं," बयजा म्हणाली. "हा माझा नवरा." तिने तो कमरेला खोचला आणि पुढचा उचलला. "हा?"

"नव्हे."

"हा?"

"नव्हे, नव्हे! यातला एकही आमचा नव्हे!"

राजाने आपल्या नाकाला हात लावला. मग तो हसायला लागला, आणि इतका हसला की दरबारालाही हसायची परवानगी मिळाली.

"सनद कायम आहे," डोळे पुसत तो म्हणाला. "मठाला स्वतःचे म्हणून ओळखता येतील, तेवढे टाक मठाचे. बाकीचे ज्याचे त्याच्या घरी जातील. आणि दारोदार जाऊन, कोण देव आणि कोण माणूस हे नम्रपणे विचारत पोचवतील महंतांचे शिष्य. भट्टी पेटलीच आहे, तर ती मोहर टाका तिच्यात."

हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने बयजाला दिलं.

थोरल्या महाराजांचा टाक देवघरात ठेवून बयजा घरी गेली. तिने नवऱ्याचा टाक देव्हाऱ्यात त्याच्या जागी ठेवला. पोत्यात राहून तो काळवंडला होता. चिंच भिजवलेली होती. पण तिने तो घासला नाही, नुसता पदराने पुसला.