उंदरिणीचा खरखरीत रानकापूस

मुलांनो, एका जंगलात एक उंदरीण राहत असे. अंगाने मूठभर, पण हट्ट हत्तीएवढा! तिचं बीळ रानकापसाच्या झुडपाखाली होतं. त्याची बोंडं सुपारीएवढी, कापूस मातकट, आणि पानांवर अशी खरखरीत लव की गाल घासला तर ओरखडा उठावा. बाकीची जनावरं लावत पांढरा कापूस. तो इतका पांढरा, की ससा त्यात लपला तर त्याच्या आईला तीन दिवस सापडत नसे. खोटं वाटत असेल तर सशाला विचारा! दरवर्षी पंच कोल्हा सगळ्यांत पांढऱ्या अशा एकाच झुडपाचं बी निवडी आणि तेच साऱ्या जंगलात वाटी.

एके दिवशी कोल्ह्याने हुकूम सोडला, "तो मातकट रानकापूस उपटून टाका!" रानडुकराने सुळ्यांनी रानकापसाची सगळी झुडपं उपटली आणि शेवटी दोघे उंदरिणीच्या दाराशी आले.

"बाजूला हो गं, चिमूटभर!" कोल्हा म्हणाला. "याची धड उशीसुद्धा होत नाही."

उंदरीण खोडाला मिठी मारून बसली. "नाही होत उशी. पण माझ्या आजीच्या आजीपासून याला कुणी पाणी घातलं नाही, कुणी राखलं नाही, तरी हे उभं आहे. कसं, ते ठाऊक आहे तुला? मलाही नाही. ते कळेपर्यंत याला हात लावू देणार नाही. आधी मला उपटा!"

डुकराने मुसंडी मारायला मान खाली घातली, तोच उंदरीण त्याच्या नाकाला कडकडून चावली. त्याची किंकाळी ऐकून म्हणे तीन डोंगरांपलीकडची डुकरंही पळत सुटली! झुडूप वाचलं.

पुढच्या हंगामात तुडतुडे आले. तिळाएवढे पोपटी किडे, पानामागे बसून रस शोषणारे. पांढरी झुडपं सगळी सख्खी भावंडं. एकाचं पान गोड लागलं, तसं सगळ्यांचंच लागलं. आठ दिवसांत पानं वळली, लाल पडली, झडली. थंडी तोंडावर आली, आणि पिलांच्या अंथरुणाला कापूस नाही! उंदरिणीच्या झुडपावर मात्र तुडतुडे बसत, लवेत अडखळत, वैतागत आणि उडून जात.

कोल्हा शेपूट घालून आला. "मावशी, काही तरी कर ना..."

"आज मावशी का? तेव्हा चिमूटभर होते ना!" उंदरीण म्हणाली. "ऐक. माझ्या फुलांतले परागकण भुंगा तुमच्या उरल्यासुरल्या फुलांवर नेईल, म्हणजे त्यांच्या बियांत दोघांचेही गुण उतरतील. पण यापुढे एकाच झुडपाचं बी वाटायचं नाही. आणि जिथून जिथून रानकापूस उपटला, तिथे तिथे तो पुन्हा लावायचा. खड्डे डुक्कर खणेल!"

तो हिवाळा पिलांनी उंदरिणीने दिलेल्या मातकट कापसात ऊब घेत काढला. पुढच्या वर्षी नव्या बियांची रोपं उगवली. बरीचशी मातकटच निघाली. पण काहींचा कापूस पांढरा आणि पानं खरखरीत! तेवढी पुरली. तुडतुडे आले, वैतागले, गेले. डुक्कर मात्र अजून खड्डे खणतंय, आणि त्याच्या नाकावर दोन बारीक दातांचे वण आहेत.

तात्पर्य : जे आज आपल्या उपयोगाचं दिसत नाही, ते निरुपयोगी समजून उपटू नये, आणि कुणी उपटायला आलंच, तर खोडाला घट्ट मिठी मारून बसावं.