लाल दिव्याचे पेढे

"सर, मर्यादा जराशी सैल करू का?"

केतकीचा हात बटणावर होता. खांबेटेसर खिडकीशी उभे राहून चहा पीत होते.

"कशाला?"

"नाहीतर आत्ता लाल दिवा लागेल. सगळ्यांसमोर शोभा होईल!"

खरंच होतं ते. उपग्रहाचा संदेश विमानापर्यंत येतो तो फार उंचावरच्या विद्युतभारित थरातून. त्या दिवशी सूर्यावर वादळ झालं होतं आणि तो थर चुलीवरच्या आमटीसारखा खदखदत होता. संदेश वाटेत रेंगाळला की विमानाला स्वतःची जागाच चुकीची कळते. किती चुकते, ते केतकीचं यंत्र जमिनीवर बसून मोजायचं आणि वैमानिकाला दुरुस्ती सांगायचं. चूक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली, की इथं आणि विमानातही लाल दिवा. म्हणजे, माझं ऐकू नका.

आज शेवटची चाचणी. मागच्या खुर्च्यांवर दिल्लीहून आलेले साहेबलोक. यंत्र नापास झालं, तर केतकीची उमेदीची सारी वर्षं कपाटात जाणार होती. आणि बाई भारी मानी! माझं यंत्र हार जायचं नाही, असं सकाळीच छातीठोकपणे सांगून बसलेली.

"एवढंसं सैल केलं तर कुणाला कळणारही नाही, सर."

"विमान कुठंय?"

"ढगात. उतरतंय."

"आत कोण आहे?"

"कॅप्टन मिस्त्री. तुम्हाला माहीतच आहे की..."

सरांनी चहाचा एक घोट घेतला...

केतकीनं हात मागे घेतला.

लाल दिवा लागला.

डोक्यावरून विमान घरघरत वर निघून गेलं. मागे कुजबुज सुरू झाली. झालं, वाजला बोऱ्या! धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं केतकीला झालं.

तेवढ्यात रेडिओवर मिस्त्री ओरडले, "लाल दिवा बघितला आणि वर खेचलं! अहो, पडदा सांगत होता त्याच्या कितीतरी खाली होतो मी. टेकडीवरची झाडं दिसली हो! जीव वाचवलात, केतकीबाई!"

केतकी मटकन खुर्चीत बसली. रडता रडता हसायला लागली. इतका आनंद तिला जन्मात कधी झाला नव्हता.

आणि ज्यांच्या तोंडून कधी साधं 'बरंय' निघालं नाही, ते खांबेटेसर चक्क टाळ्या वाजवत होते! शिपायाला हाक मारून म्हणाले, "पेढे आणा हो. चांगले कंदी आणा!"

मोठे साहेब चक्रावले.

"पेढे कसले? ऐन वेळी तुमच्या यंत्रानं हात वर केले, खांबेटे. त्याच्यावर भरवसा ठेवायचा तरी कसा?"

सरांनी केतकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"पुढच्या फेरीला मिस्त्रींच्या शेजारी मी बसतोय."